चालताना केवळ चालावे

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा हा सोहळा आहे. ‘वाटचाल’ हा शब्द अशा प्रसंगी सहजपणे वापरला जातो. परंतु ज्या पिढीने संस्थेची पायाभरणी केली, त्या पिढीच्या बाबतीत तो शब्दशः खरा होता. मंदिर, बाजारपेठ, शेतमळा, शाळा, नातेवाइकांचे घर अशा सर्व ठिकाणी ती माणसे पायीच जात. त्या चालण्याला व्यायाम असे नाव कोणी दिले नव्हते; तो दिनक्रमाचाच भाग होता.

आज परिस्थिती पालटली आहे. दारात वाहन आहे, दुकानात खुर्ची आहे, वरच्या मजल्यासाठी उद्वाहन आहे. त्यामुळे चालण्यासाठी दिवसातला वेगळा वेळ काढावा लागतो आणि तो जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाचा असतो. या एवढ्याशा वेळेवर अधिकार कोणाचा, पायांचा की खिशातील मोबाईलचा, हा आजच्या चिंतनाचा विषय आहे.

भारतातील पहिले मोबाईल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी त्या दिवशी केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी संवाद साधला. त्यानंतर अवघ्या तीन दशकांत हे उपकरण घराघरांतच नव्हे, तर प्रत्येक खिशात जाऊन बसले. त्याचे उपकार नाकारण्याचे कारण नाही. दूरदेशीच्या मुलाचा चेहरा त्याने आईला दाखवला, व्यापाऱ्याचे हेलपाटे वाचवले. प्रश्न फक्त इतकाच की, ते सर्वकाळ सोबत हवे का?

एका व्यापाऱ्याची हकीकत

उदाहरणादाखल एका तालुक्याच्या गावातील कापड व्यापाऱ्याची हकीकत पाहावी. वय वर्षे बासष्ट. गावात सर्वजण त्यांना ‘आण्णा’ म्हणतात. रक्तातील साखर वाढल्याचे निदान झाले, तेव्हा डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि रोज चाळीस मिनिटे चालण्यास सांगितले. आण्णा शब्दाचे पक्के. दुसऱ्याच दिवसापासून ते शाळेच्या मैदानावर हजर झाले. एकही दिवस चुकला नाही. तरीही तीन महिन्यांनी तपासणी केली, तेव्हा साखर जिथल्या तिथे होती. “अशीच राहिली तर गोळी वाढवावी लागेल,” असे डॉक्टर म्हणाले. आण्णा खिन्न झाले. इतके चालूनही गुण का येत नाही, हे त्यांना उमगेना.

उलगडा केला तो त्यांच्या दहा वर्षांच्या नातीने. सुट्टीत ती आजोबांबरोबर मैदानावर गेली आणि कठड्यावर बसून फेऱ्या मोजू लागली. चारशे मीटरची एक फेरी. चाळीस मिनिटांनी आण्णा परतले, तेव्हा ती म्हणाली, “आजोबा, तुमच्या पाचच फेऱ्या झाल्या. त्या निळ्या साडीतल्या आजींच्या आठ झाल्या.”

“मी काय त्यांच्याहून हळू चालतो?” आण्णांनी विचारले.

“चालता तेव्हा नाही. पण तुम्ही सारखे थांबता ना! फोन आला की थांबता, बघायचा असला की थांबता आणि बोलायला लागलात की हळू होता.”

चाळीस मिनिटांचा हिशेब बरोबर होता. पण त्या चाळीस मिनिटांत सुरतेचा माल होता, बँकेचा हप्ता होता, नातेवाइकांच्या गटावर आलेली सुप्रभाताची चित्रे होती. चालणे त्यांच्या फटींतून जेवढे सापडेल तेवढेच होत होते. व्यापाऱ्याला हिशेबातील तूट दाखवली की पुढचे समजावून सांगावे लागत नाही.

वेग कोठे हरवतो?

नातीने जे कठड्यावर बसून पाहिले, तेच अमेरिकेतील संशोधकांनी प्रयोगशाळेत मोजून पाहिले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ४४ तरुण-तरुणींना चार वेगवेगळ्या वेळी ट्रेडमिलवर तीस-तीस मिनिटे चालावयास लावले. वेग दर्शविणारा आकडा झाकून ठेवला होता. मात्र वेग हवा तसा कमी-जास्त करण्याची मुभा होती. मोबाईलविना चालताना सरासरी वेग ताशी सुमारे ५ किलोमीटर होता. मोबाईलवर बोलताना किंवा संदेश लिहिताना तो ताशी साडेचार किलोमीटरवर आला. आपण मंदावलो आहोत, हे झाकलेल्या आकड्यामुळे चालणाऱ्यांना दिसतही नव्हते.

अर्ध्या किलोमीटरचा हा फरक वरवर किरकोळ वाटतो. परंतु रोज चाळीस मिनिटे चालणाऱ्या मनुष्याच्या बाबतीत महिन्याकाठी तो सुमारे दहा किलोमीटर होतो. प्रत्यक्ष मैदानावर तर माणूस थांबतोही. म्हणून आण्णांचा तोटा याहून कितीतरी मोठा होता.

याच प्रयोगातील आणखी दोन निष्कर्ष प्रांजळपणे सांगितले पाहिजेत. संगीत ऐकत चालणाऱ्यांचा वेग सर्वांत जास्त होता, ताशी सुमारे साडेपाच किलोमीटर. तसेच मोबाईलवर गप्पा मारत चालणे लोकांना नुसत्या चालण्यापेक्षा अधिक आवडले. म्हणजे मोबाईल व्यायामाचा वैरी आहे, असे सरसकट म्हणता येत नाही. वेळ सुखात जातो म्हणूनच तो बरोबर घेतला जातो. पण वेळ सुखात जाणे आणि व्यायाम होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे विसरता कामा नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचविला. आठवड्यातील पाच दिवस रोज अर्धा तास, असा त्याचा सोपा हिशेब होतो. त्या अर्ध्या तासातील दहा मिनिटे मोबाईलने नेली, तर आठवड्याची पन्नास मिनिटे, म्हणजे एक तृतीयांश व्यायाम बुडाला. ‘मध्यम श्रम’ ओळखण्याची खूणही सोपी आहे. चालताना दोन वाक्ये बोलता यावीत, पण गाणे म्हणता येऊ नये. मोबाईलवर वीस मिनिटे अस्खलित व्यवहार करता येत असेल, तर पाय फारसे श्रम करीत नाहीत, हे उघड आहे.

हीच गोष्ट घरातील व्यायामाची. सूर्यनमस्कारात श्वास आणि हालचाल यांची सांगड असते. सहा नमस्कारांनंतर मोबाईलची घंटा वाजली आणि माणूस तिकडे वळला, की ती लय मोडते व उरलेले सहा नमस्कार बहुधा उद्यावर जातात. व्यायामशाळेत दोन उचलींमधील एका मिनिटाची विश्रांती हातात मोबाईल येताच पाच मिनिटांची कशी होते, हे तरुणांनी स्वतःच घड्याळ लावून पाहावे.

डोळे असून न पाहणे

वेगापेक्षाही गंभीर बाब अवधानाची आहे. अमेरिकेतील वेस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठाच्या प्रांगणात एक गमतीदार प्रयोग करण्यात आला. त्याचा वृत्तांत २००९ साली प्रसिद्ध झाला. रंगीबेरंगी पोशाखातील एक विदूषक एकचाकी सायकलवरून प्रांगणात फिरत होता. तेथून गेलेल्यांना नंतर विचारले की, विदूषक दिसला काय? एकटे चालणाऱ्यांपैकी ५१ टक्के लोकांनी ‘होय’ म्हटले. संगीत ऐकणाऱ्यांत हे प्रमाण ६१ टक्के होते. दोघे-दोघे मिळून चालणाऱ्यांत ते सर्वाधिक, ७१ टक्के भरले. मोबाईलवर बोलत चाललेल्यांपैकी मात्र केवळ २५ टक्के लोकांना तो दिसला होता. डोळे उघडे होते, विदूषक समोर होता. तरी चारांतील तिघांना तो दिसला नाही.

विदूषक दिसला नाही म्हणून कोणाचे बिघडत नाही. पण आपल्या गावातील रस्त्यांवर विदूषक नसतो. तेथे गटाराचे निखळलेले झाकण असते, उलट बाजूने येणारी दुचाकी असते, झोपलेले कुत्रे असते. साठी उलटलेल्या मनुष्याचा, विशेषतः हाडे ठिसूळ झालेल्या भगिनीचा पाय अशा ठिकाणी चुकला आणि खुब्याचे हाड मोडले, तर आरोग्यासाठी सुरू केलेला उपक्रम अंथरुणाशी नेतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिले की, संदेश लिहीत चालणारी निरोगी माणसेदेखील मंद चालतात आणि सरळ रेषा सोडून भरकटतात. घराबाहेर पडताना वृद्धांच्या हाती काठी देणारी मुले त्याच हाती मोबाईलही देतात, याचा विचार व्हावा.

मानेचेही तेच. मस्तक ताठ असताना मानेवर साधारण साडेचार ते साडेपाच किलोचा भार असतो. न्यूयॉर्कमधील मणक्याच्या एका शल्यविशारदाने २०१४ साली संगणकीय प्रतिमानावरून काढलेल्या हिशेबानुसार, मान ६० अंशांनी झुकली की हा भार सुमारे २७ किलोइतका होतो. दुकानात आणि कार्यालयात दिवसभर वाकलेल्या मानेला सकाळचा अर्धा तास तरी मोकळा मिळावा.

चार हात भूमी

अवधानपूर्वक चालणे ही कल्पना जैन परंपरेला नवी नाही. मुनींच्या पाच समितींत पहिले स्थान ईर्यासमितीला आहे. समोरची चार हात भूमी पाहत, उजेडात, मन अन्यत्र जाऊ न देता पाऊल टाकावे, असा तिचा आशय. तिचा हेतू जीवरक्षेचा आहे, व्यायामाचा नव्हे. ही मर्यादा लक्षात ठेवूनच तिचा विचार करावा. तथापि पावसाळ्यात वाटेवर आलेली गोगलगाय किंवा मुंग्यांची रांग ज्याला दिसते, त्याला खड्डाही दिसतो. पहिल्या पाहण्याने दुसऱ्याचा जीव वाचतो, दुसऱ्या पाहण्याने स्वतःचा पाय.

या संदर्भात उत्तराध्ययन सूत्रातील समितींचे विवेचन चिंतनीय आहे. चालत असताना इंद्रियांचे विषय तर दूर ठेवावेतच, परंतु पाचही प्रकारचा स्वाध्यायदेखील त्या वेळी करू नये, चालण्यातच तन्मय व्हावे, असे तेथे सांगितले आहे. ‘आम्ही मोबाईलवर प्रवचनच तर ऐकतो,’ असे म्हणणाऱ्यांना याहून सौम्य आणि समर्पक उत्तर सापडणार नाही. प्रवचन आसनावर बसून ऐकावे. रस्त्यावर रस्ता पाहावा. बंदिस्त जागी, यंत्रावर चालताना संगीताने वेग वाढत असेल, तर ते अवश्य ऐकावे. रहदारीत मात्र कान मोकळे असावेत.

आकड्यांचा मोह

‘मोबाईल नसेल तर पावले कशी मोजणार?’ असा प्रश्न हमखास विचारला जातो. रोज दहा हजार पावलांचा दंडक आज सर्वतोमुखी आहे. पण त्याचा उगम फारच थोड्यांना ठाऊक असतो. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, जपानमधील यामासा या कंपनीने पावले मोजणारे एक यंत्र विक्रीस आणले आणि त्याचे नाव ‘मानपो-केई’ म्हणजे ‘दहा हजार पावलांचे मोजयंत्र’ असे ठेवले. आकडा लोकप्रिय झाला तो या नावामुळे.

२०१९ साली अमेरिकेत १६,७४१ स्त्रियांवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ७२ होते. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांत अभ्यासकाळातील मृत्यूंचे प्रमाण ४१ टक्के कमी आढळले. साधारण ७,५०० पावलांपर्यंत हे प्रमाण घटत गेले. त्यापुढे विशेष फरक दिसला नाही. वयोवृद्ध माता-भगिनींना यातून दिलासा मिळावा. दहा हजारांचा आकडा गाठला नाही म्हणून खंतावण्याचे कारण नाही.

मोजायचेच असेल, तर मनगटावरचे घड्याळ पुरे. पंधरा सेकंदांत पंचवीस पावले पडली, म्हणजे मिनिटाला शंभर झाली. सर्वसाधारण प्रौढासाठी हा मध्यम श्रमाचा वेग मानला जातो. फेऱ्या बोटांच्या पेरांवर मोजता येतात. जपाची संख्या पेरांवर मोजणाऱ्यांना ही विद्या शिकवावी लागणार नाही. पावलांचे आकडे रोज चारचौघांना धाडण्याची हौस हाही एक प्रकारचा संग्रहच होय. शरीराला त्याचा उपयोग नाही.

शतपावलीचे पुनरुज्जीवन

सकाळच्या फेरीइतकीच मोलाची गोष्ट म्हणजे आपली जुनी शतपावली. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाचे संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले. मधुमेह असलेल्या ४१ जणांना काही दिवस एका दमात तीस मिनिटे, तर काही दिवस प्रत्येक जेवणानंतर दहा-दहा मिनिटे चालण्यास सांगितले होते. जेवणानंतर चालल्यावर भोजनोत्तर साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली; संध्याकाळच्या भोजनानंतर तर २२ टक्के.

सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या घरांना ही जणू घरबसल्या लाभलेली संधी आहे. ताटावरून उठल्यावर अजून उजेड असतो, अंगण असते, गच्ची असते. पण होते असे की, हात धुतले की तोच हात मोबाईलकडे जातो आणि माणूस सोफ्यावर बसतो. शतपावलीची दहा मिनिटे तेथेच संपतात. जेवणाच्या वेळी मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवला आणि तेथे परतण्यापूर्वी दहा मिनिटे चालून यायचे, एवढा एक क्रम लावला, तरी घरातील तिन्ही पिढ्यांना लाभ होईल. पथ्य आणि औषध मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. उपवासाच्या दिवशी साखरेच्या रुग्णांनी चालण्याबाबतही त्यांना विचारावे.

अडचणी आणि त्यांवरील उपाय

मोबाईल घरी ठेवण्यात खऱ्या अडचणीही आहेत. वाटेत चक्कर आली तर? घरी तातडीचे काही घडले तर? पहाटेच्या अंधारात एकट्या स्त्रीने काय करावे? या प्रश्नांना टाळून उपदेश करणे योग्य नव्हे.

हृदयविकार असणाऱ्यांनी, साखर अचानक उतरण्याचा त्रास असणाऱ्यांनी आणि एकट्या-दुकट्या वाटेने जाणाऱ्या भगिनींनी मोबाईल अवश्य न्यावा. मात्र आवाज बंद करून, कमरेच्या पिशवीत, केवळ संकटप्रसंगासाठी. इतरांनी नाव, रक्तगट आणि घरचा क्रमांक लिहिलेले एक लहानसे कार्ड खिशात ठेवावे. कोणत्या वाटेने जाणार आणि केव्हा परतणार, हे घरी सांगून निघावे. सर्वांत उत्तम म्हणजे सोबती असावा. विदूषक सर्वाधिक कोणाला दिसला होता, हे आठवावे. सोबत्याशी बोलताना अवधान हरपत नाही. कारण समोर खड्डा आला की सोबतीही थांबतो. मोबाईलच्या पलीकडील माणसाला तो खड्डा दिसत नाही.

मंदिरात शिरताना पादत्राणे बाहेर ठेवावीत, हे कोणाला आठवण करून द्यावे लागत नाही. त्यांची जागा ठरलेली असते. मोबाईलसाठीही दाराजवळ अशी एक जागा ठरवावी. आणि आजन्म व्रत घेण्याचीही आवश्यकता नाही. परंपरेने यम आणि नियम असा भेद केला आहे; यम जन्मभराचा, नियम ठराविक काळापुरता. येथे नियम पुरेसा आहे, तोही केवळ चाळीस मिनिटांचा. ४८ मिनिटांच्या सामायिकात जगाचे काही अडत नाही, हा अनुभव येथे बसलेल्या अनेकांच्या गाठी आहे.

पुन्हा आण्णांकडे

नातीने तूट दाखवल्यावर आण्णांनी मोबाईल दाराजवळच्या कोनाड्यात ठेवण्यास प्रारंभ केला. पहिले चार दिवस हात सारखा रिकाम्या खिशाकडे जाई. पाचव्या-सहाव्या दिवशी सात फेऱ्या झाल्या, पुढे आठ. एकदा परतल्यावर दुकानाचे तीन फोन येऊन गेल्याचे दिसले. तिन्ही कामे मुलाने परस्पर उरकली होती. वडिलांना थोडे आश्चर्य वाटले, मुलाला अधिक.

पूर्वी त्यांच्यासोबत चालणारे एक स्नेही गेल्या वर्षी येईनासे झाले होते. प्रकृती बरी नसेल, असे आण्णांनी गृहीत धरले होते. एके सकाळी ते मैदानावर भेटले आणि दोघे पुन्हा बरोबर चालू लागले. बोलता बोलता कळले की, स्नेह्यांची पत्नी वर्षभर मोठ्या दुखण्याने अंथरुणाला खिळली होती. “मला सांगितले का नाही?” असे आण्णांनी विचारले. स्नेही म्हणाले, “आण्णा, दोनदा सांगायला आलो होतो. दोन्ही वेळा तुम्ही फोनवर होता.”

पुढची अर्धी फेरी कोणीच बोलले नाही. त्या संध्याकाळी आण्णा पत्नीला घेऊन त्या घरी गेले.

पुढील तपासणीत आण्णांची साखर थोडी उतरली होती. डॉक्टरांनी गोळी बंद केली नाही. मात्र वाढवलीही नाही. आता सकाळी मैदानावर दोन वृद्ध बरोबर चालताना दिसतात. सुट्टीत नात येते, कठड्यावर बसते आणि दोघांच्या फेऱ्या मोजते.

उद्या सकाळी घरातून निघताना दाराजवळ क्षणभर थांबावे, मोबाईल तेथे ठेवावा आणि पाऊल बाहेर टाकावे, एवढीच या व्यासपीठावरून नम्र विनंती.

जय जिनेंद्र.